पुसलेला फोटो

रविवार, १४ सप्टेंबर. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. दामिनीचा फोन बंद लागला.

तुलाराम लंजेनं तो सानगडीत, आपल्या घराच्या पडवीत बसून, तीनदा लावला. तिन्ही वेळा तीच बाई तेच बोलली. मग त्यानं ‘आज फोटो नाही आले’ एवढा निरोप टाइप करून पाठवला, मोबाइल सदऱ्याच्या खिशात टाकला आणि दुसऱ्या दिवशीच्या बाजाराची पेटी भरायला घेतली. जेवताना बायकोनं, गोदावरीबाईनं, विचारलं, "आज पोट्टीचे फोटो नाही आले का?"

"नाही आले."

"काहून?"

"रुसली असंन. मागच्या रविवारी बोललो होतो थोडंसं."

एवढ्यावर विषय संपला. त्यांची लेक दामिनी लहानपणापासून रुसायची आणि दोन दिवसांत आपली आपण ठिकाणावर यायची. घरात याचं कुणाला नवल नव्हतं.

तुलारामचा धंदा मनिहारीचा. बांगड्या, टिकल्या, क्लिपा, रिबिनी आणि मुख्य म्हणजे कानातले. घरचं दोन एकर धान धाकट्या भावानं करायचं आणि तुलारामनं बाजार करायचे, अशी पंचवीस वर्षांची वाटणी. सानगडी, एकोडी आणि आजूबाजूचे मिळून आठवड्याला पाच बाजार. मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या पेट्या, मागे बांबू आणि ताडपत्री. याच बाजारांत कानातले विकणारे आणखी तिघं होते, आणि चौघांचाही माल नागपूरच्या इतवारीतून येत होता. चौघांकडे तेच झुमके, तेच टॉप्स. फरक पडला तो दामिनी मुंबईला गेल्यावर.

ती गेली मागच्या वर्षी मार्चमध्ये. नागपूरच्या एका एजन्सीनं तिला मुंबईच्या उपनगरातल्या मोठ्या मॉलमध्ये पावडर-लिपस्टिकच्या काउंटरवर लावलं होतं. गावात कुणी विचारलं की गोदावरीबाई सांगायची, "एसीत असते दिवसभर." पहिल्या सुट्टीत दामिनी सोबतच्या मुलींबरोबर कुलाब्याला फिरायला गेली आणि तिथल्या फुटपाथवरच्या एका दुकानाचा फोटो तिनं गंमत म्हणून बापाला पाठवला. तुलारामनं तो बोटांनी मोठा करून पाहिला. दुसऱ्या दिवशी इतवारीत जाऊन व्यापाऱ्याला दाखवला, तसलेच झुमके शोधून आणले आणि पुढच्या बाजारात ओरडला, "कुलाब्याची फॅशन! कुलाब्याची!"

दुपारी दोनपर्यंत झुमके टांगलेला बोर्ड रिकामा झाला.

मग तो नेमच पडला. कुलाबा कॉजवे, फॅशन स्ट्रीट, लिंकिंग रोड, हिल रोड, जुहूची चौपाटी, गेटवेच्या समोरचे फेरीवाले. ज्या बायका भंडाऱ्याच्या पुढे गेल्या नव्हत्या, त्यांना ही नावं पाठ झाली. "लिंकिंग रोडवाले संपले का, भाऊजी?" असं त्या कांदे घेतल्यासारखं विचारायच्या. एकीनं एकदा विचारलं, हा लिंकिंग रोड समुद्राच्या अलीकडं आहे की पलीकडं? तुलारामनं क्षणभरही न थांबता सांगितलं, "लागूनच आहे समुद्राले." त्याला काहीच माहीत नव्हतं.

फोनवर बापलेकीचं बोलणंही मालाचंच. "तेच ते नको पाठवू. दर वेळी नवी जागा पाहिजे, गिऱ्हाईक विचारते," तो सांगायचा. कधी फोटोत तिचा खांदा यायचा, कधी वेणी. "तू मधात नको येत जाऊ. बोर्ड झाकते."

"बाबा, मी मुंबईले नोकरी कराले आली का तुमचे झुमके पाहाले आली?"

"दोन्ही कर ना. कोण नाही म्हणते?"

ती हसायची. ती हसायची एवढं त्याला नक्की आठवतं. शेवटचं कधी हसली, ते आठवत नाही.

सोमवारी एकोडीच्या बाजारात शेजारी लसूण घेऊन बसणाऱ्या ललिताबाईनं छेडलं, "काय भाऊ, आज मुंबई बंद आहे का? नवीन काही ओरडून नाही राहिले."

"येते ना. उद्या येते."

मंगळवारी फोन बंद. बुधवारी बंद. निरोपाखाली एकच टिक. गुरुवारी तुलारामनं थोरल्या मुलाला, कैलाशला, सांगितलं. कैलाशचं साकोलीत मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं एजन्सीचा नंबर शोधून लावला. तिथल्या बाईनं नाव लिहून घेतलं आणि उद्या सांगते म्हणाली.

शुक्रवारी, १९ तारखेला, सकाळी अकराच्या सुमारास तिनं सांगितलं. दामिनी लंजे हिनं ३० जूनला नोकरी सोडली. एजन्सीनं दिलेली खोलीही त्याच दिवशी सोडली. कारण लिहिलेलं नाही.

तुलाराम तेव्हा बाजारात होता. समोर एक पोरगी एका कानात झुमका धरून आरशात पाहत होती आणि तिची आई भाव पाडत होती. कैलाशचं बोलणं ऐकून त्यानं मोबाइल कानापासून दूर केला, मग पुन्हा लावला.

"कोणत्या महिन्यात म्हणलास?"

"जून, बाबा. जून."

"पण फोटो तं येऊन राहिले होते ना."

"म्हणूनच तं म्हणतो. कुठून येऊन राहिले होते?"

शनिवारी तुलाराम, गोदावरीबाई आणि कैलाश तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेले. हवालदार देवाजी ओळखीचे. त्यांच्या घरच्या बांगड्या तुलारामकडच्याच. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, मग कागद पुढे ओढला.

"मुंबईत राहाचा पत्ता?"

कैलाशनं एजन्सीच्या खोलीचा सांगितला आणि तो जूनमध्येच सुटल्याचंही.

"त्याच्यानंतरचा?"

कैलाशनं बापाकडे पाहिलं.

"तुलारामभाऊ, अडीच महिने होतात. पोरगी कोठी राहते हे विचारलंच नाही तुम्ही?"

"फोटो पाठवाची ना साहेब. दर रविवारी."

"कायचे?"

"लिंकिंग रोड. फॅशन स्ट्रीट. चौपाटी. हिल रोड. बँडस्टँड…" तो बोटांवर मोजत नावं सांगत गेला. देवाजींनी दोन-तीन लिहिली आणि पेन थांबवला.

"भाऊ, ह्या सगळ्या फिराच्या अन् खरेदीच्या जागा आहेत. इथी कोणी राहत नाही."

तुलारामनं मान हलवली. अठरा महिन्यांत त्याला मुंबईची अशी वीसेक नावं माहीत झाली होती. त्यातल्या एकाही ठिकाणी रात्री अंथरूण पडत नव्हतं.

"अन् रविवारी?" देवाजींनी विचारलं. "मॉलवाल्याईले रविवारी सुट्टी कोण देते? माह्या साळीचा पोरगा नागपूरच्या मॉलात आहे. त्याची सुट्टी मंगळवारी असते."

तेव्हा तुलारामला आठवलं. जूनपर्यंत दामिनीचे फोटो बुधवारीच यायचे. जुलैपासून रविवारी यायला लागले. त्याला ते बरंच वाटलं होतं, कारण मंगळवारी बाजार नसायचा आणि नवा माल आणायला इतवारीला जाता येत होतं.

"अलीकडचा फोटो द्या तिचा. चेहरा साफ दिसला पाहिजे."

तुलारामनं मोबाइल टेबलावर ठेवला आणि देवाजी बोटानं एकेक फोटो सरकवत गेले. दोनशे चौदा होते. झुमके, वाळ्या, टॉप्स, ऑक्सिडाइज्डचे हार, बोर्डच्या बोर्ड. एकात बोर्डावर पडलेली तिची सावली. एकात बोटं, नखांना मरून रंग. एकात कोपर. चेहरा एकाही फोटोत नव्हता.

"हे सारे मालाचेच आहेत," देवाजी म्हणाले. "पोरीचा कोणता?"

गोदावरीबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. "पाठवाची ना ती मधामधात सोताचे. तुम्हीच दाखवले होते मले."

"होते."

"मग?"

"मोबाइल भरून जाते," तुलाराम म्हणाला. "नवीन फोटो येत नाही मग. जे कामाचे नाही ते पुसून टाको मी."

कैलाश उठून दाराशी जाऊन उभा राहिला.

मग सात तारखेचं निघालं. रविवारी सात सप्टेंबरला दुपारी पावणेपाचला दामिनीनं एक फोटो पाठवला होता. तिच्या मागे समुद्र होता, खडक होते, आणि ती एकटी, अगदी मधोमध, सरळ कॅमेऱ्याकडे पाहत उभी होती. तुलारामनं आवाजी निरोप पाठवला. तो मोबाइलमध्ये अजून होता. देवाजींनी सांगितल्यावर कैलाशनं तो लावला, आणि ठाण्यात तुलारामचाच आवाज आला: "अवो बाई, समुद्र काय विकाचा आहे का मले? माल कोठी आहे? बाजूले सरक अन् बोर्डाचा फोटो टाक. घटस्थापना तोंडावर आली."

सोळा मिनिटांनी बोर्डाचा फोटो आला. सोबत एक शब्द नाही. समुद्राचा फोटो तुलारामनं त्याच संध्याकाळी पुसला.

देवाजींनी वर्णनाचे रकाने भरायला घेतले. उंची? गोदावरीबाई उभी राहिली आणि आपल्या कानाशी हात लावला. केस? लांब, कंबरेपर्यंत. अंगावरचे कपडे? माहीत नाही. ओळखीची खूण? डाव्या तळव्यावर विळ्याचा जुना घाव. दागिने?

"कानात झुमके," तुलाराम एकदम म्हणाला. "ऑक्सिडाइज्डचे. वर मोर, खाली अर्धा गोल, त्याले पाच घुंगरू. उजव्या कानातल्याचा एक घुंगरू तुटून होता. चारच होते."

"हे कसं आठवते?"

"सात तारखेच्या फोटोत होते. मी म्हणलो मनात, तुटका पीस घालून काहून फिरते ही."

देवाजींनी ते शब्दशः लिहिलं. अख्ख्या कागदावर सगळ्यात नेमकी ओळ तीच होती. फोटो म्हणून बारावीच्या ओळखपत्राचा जोडला. त्यात ती सतरा वर्षांची आहे.

तिथून ते कुलदीपच्या मोबाइलच्या दुकानात गेले. पुसलेलं परत येतं का, एवढंच विचारायचं होतं. कुलदीपनं मोबाइल ठेवून घेतला. रविवारी दुपारी त्याचा कैलाशला फोन आला, तसे ते पुन्हा दुकानात गेले. फोटो आला नव्हता. फोटोची नखाएवढी प्रत कुठल्याशा कोपऱ्यात राहिली होती, ती मिळाली. संगणकावर मोठी केली की सगळे चौकोन-चौकोन व्हायचे. निळसर पट्टा म्हणजे समुद्र. मध्ये काळं आणि गव्हाळ.

"काकाजी, छापून काही उपयोग नाही," कुलदीप म्हणाला. "पण एक पाहा. हे काळं खांद्यापर्यंतच आहे. केस कापले होते का ताईनं?"

तुलाराम पडद्याजवळ गेला, मग दूर झाला. हा फोटो त्यानं पूर्ण पाहिला होता, मोठा, स्वच्छ. झुमक्याचे घुंगरू मोजले होते. केस लांब होते की कापलेले, त्याला सांगता आलं नाही.

‘केस लांब’ असं वर्णन तोपर्यंत पुढे गेलं होतं. सोमवारी देवाजींनी दुरुस्ती पाठवली: केस बहुधा आखूड.

त्याच दिवशी कुलदीपनं उरलेले सगळे फोटो पडद्यावर एकापुढे एक लावून दाखवले. जुलैपासूनचे शेवटचे दहा. प्रत्येकाखाली दामिनीनं जागेचं नाव टाकलेलं: ६ जुलै हिल रोड, १३ जुलै कुलाबा, २० जुलै फॅशन स्ट्रीट, आणि असंच सात सप्टेंबरच्या बँडस्टँडपर्यंत. तुलाराम स्टुलावर बसून पाहत होता. तिसऱ्या-चौथ्या फोटोनंतर तो म्हणाला, "थांब. मागं घे."

"काय झालं?"

"भावाच्या चिठ्ठ्या पाह्य."

बोर्डाच्या खाली रेग्झिन अंथरलेलं होतं, त्यावर पाकिटं मांडलेली, आणि पाकिटांमध्ये खोचलेल्या भावाच्या चिठ्ठ्या. सगळ्या उलट्या. फोटो पाहणाऱ्याला आकड्यांचं डोकं खाली दिसायचं.

"चिठ्ठी गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवतात," तुलाराम म्हणाला. "गिऱ्हाइकाले सीधी दिसते, दुकानदाराले उलटी. मले रोज उलटीच दिसते."

जूनपर्यंतच्या फोटोंत चिठ्ठ्या सरळ होत्या. जुलैपासूनच्या दहाही फोटोंत उलट्या. दहाही ठिकाणचं रेग्झिन तपकिरी, आणि डाव्या कोपऱ्यात त्याला उदबत्तीनं पडल्यासारखं भोक. दहा नावं आणि दुकान एक.

"मी भाव वाचाले मोबाइल उलटा धरो," तुलाराम म्हणाला. "दर रविवारी धरो."

कैलाशला अजून उमगलं नव्हतं. "म्हणजे काय, बाबा?"

"म्हणजे फिरून नाही राहिली होती ती. विकाले बसली होती."

घरी हे ऐकल्यावर गोदावरीबाईनं विचारलं, "तुमच्यासारखी?"

"माह्यासारखी."

सोळा वर्षांची असताना दामिनीनं बाजारात बसायचं सोडलं होतं. वर्गातल्या मुली येतात, पाहतात, हसतात. बापानं एकदा जबरदस्ती केली तेव्हा ती पेटीवर पाठ करून बसली आणि दिवसभर एका गिऱ्हाइकाशी बोलली नाही. त्यानंतर त्यानं कधी म्हटलं नाही. मुंबईला पाठवताना त्याचा एकच विचार होता, पोरीला जमिनीवर बसावं लागू नये.

आता शोधायचं ते दुकान. २३ तारखेला कैलाश मुंबईत उतरला. देवाजींनी दिलेलं पत्र, बारावीचा फोटो आणि रेग्झिनच्या भोकाचा मोठा करून छापलेला फोटो, एवढं सोबत. रोज संध्याकाळी आठ वाजता तो फोन करायचा.

"आज कुलाबा पायला. दोन्ही बाजूनं दुकानंच दुकानं. चार तास लागले. नाही."

"चिठ्ठ्या पाहू नको, रेग्झिन पाह्य."

"तेच पाहून राहिलो, बाबा. वाकून वाकून पाहतो तं लोकं म्हणतात काय हरवलं."

दुसऱ्या दिवशी फॅशन स्ट्रीट आणि गेटवे. "इथी लोकं सहलीले आलेत. मले म्हणतात, भाऊ, आमचा एक फोटो काढून दे. काढून देल्ला." तिसऱ्या दिवशी लिंकिंग रोड आणि संध्याकाळी जुहू. मागे भेळवाल्यांचा आरडाओरडा आणि लहान पोरांचे आवाज येत होते. "समुद्र लय मोठा आहे, बाबा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या काही दिवसांत सानगडीत बातमी पसरली होती. उषाबाई, शेजारची, पडवीत येऊन बसली. "कोणाच्या संगं गेली असंन तं सांगून टाका, गोदावरीबाई. आजकाल काय लपवाचं त्यात?"

गोदावरीबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "गेली असती तं बरं झालं असतं, बाई. कोठी तरी असती."

शुक्रवारी, २६ सप्टेंबरला, दुपारी एक वाजता कैलाशचा फोन वेळेआधी आला. हिल रोड. मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. रेग्झिन तेच, भोक तेच. पहिल्या रविवारी, सहा जुलैला, दामिनीनं खरं नाव टाकलं होतं. पुढच्या नऊ वेळा, नवी जागा पाहिजे म्हणून, तिथूनच दुसरं लिहून पाठवलं.

दुकानवाला म्हातारा आहे. त्यानं काही लपवलं नाही, पोलिसांसमोरही तेच सांगितलं. मॉलमधून सुटल्यावर पोरगी काम विचारत आली, हिशेबाची पक्की होती, जुलैपासून बसत होती. शेजारी ओढण्या विकणारी बाई जास्त बोलली. तिचं बोलणं कैलाशनं बापाला जसंच्या तसं ऐकवलं.

"नाव नाही माहीत तिले दामिनीचं. म्हणते, हम तो उसको भंडारा बुलाते थे. भंडारा, चाय पी. भंडारा, गिऱ्हाइक देख."

"मग? आता कोठी आहे?"

"आठ तारखेले गेली."

"कोठी गेली?"

"घरी, बाबा. घरी येतो म्हणून निघाली."

ओढणीवालीनं सांगितलं ते असं. सात तारखेला दुपारी ऊन कमी झाल्यावर दामिनी तासाभरासाठी समुद्रावर गेली, बँडस्टँडला. येताना तिचा चेहरा उतरला होता. आल्या आल्या बोर्डाचा एक फोटो काढला. रात्री दुकान आवरताना म्हणाली, बस झालं, आता गावाला जाते. इथं दुसऱ्याच्या फुटपाथवर बसते, त्यापेक्षा बापाच्या दुकानात बसेन, आता मला लाज नाही वाटत. म्हाताऱ्याकडून तिनं पगाराच्या जागी मालच मागून घेतला, एक मोठी निळी पिशवी भरून. घरी कळवलं का, असं ओढणीवालीनं विचारलं. तेव्हा म्हणाली, नाही, एकदम जाऊन उभी राहते.

ती ज्या दोघींबरोबर खोलीत राहायची, त्यांनी सांगितलं की आठ सप्टेंबरला दुपारी चार वाजता ती पिशवी आणि एक बॅग घेऊन निघाली. गाडी संध्याकाळची होती. स्टेशनवर सोडायला कुणी गेलं नाही. तिकीट काढलं होतं का, कुणी पाहिलं नाही.

नऊ तारखेला ती घरी पोचायला हवी होती. नऊ तारखेला तिची वाट कुणी पाहत नव्हतं. दहा, अकरा, बारा, तेरा, या चार दिवसांत तिला कुणी फोन केला नाही, कारण फोटोचा दिवस रविवार होता.

देवाजींनी नवा कागद घेतला. आतापर्यंत विचारायचं ते एका शहरात. आता साऱ्या वाटेवर. त्यांनी रेल्वे पोलिसांना पत्रं काढली, मोठ्या स्टेशनांजवळच्या इस्पितळांना कळवलं. "ओळख न पटलेल्या बाया" असा एक शब्दप्रयोग त्यांनी फोनवर कुणाशी तरी बोलताना वापरला, आणि तुलाराम समोर बसला आहे हे लक्षात येऊन आवाज खाली केला. तुलारामनं ऐकलं होतं.

दोन दिवस तो भंडारा रोड स्टेशनवर जाऊन बसला. चहावाल्यांना, हमालांना, ऑटोवाल्यांना बारावीचा फोटो दाखवायचा आणि लगेच म्हणायचा, "आता अशी नाही दिसत. केस कापले तिनं." कशी दिसते, असं विचारलं की तो झुमक्यांचं सांगायला लागायचा. एका ऑटोवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकाजी, आम्ही सवारीच्या कानाकडं पाहत नाही. पिशवी सांगा." निळी पिशवी सांगितली. निळ्या पिशव्या रोज उतरतात.

२९ तारखेला, सोमवारी, नवरात्राचा एकोडीचा बाजार भरला. तुलाराम जाणार नव्हता. गोदावरीबाईनंच पेट्या बाहेर काढल्या. "बसा जाऊन. ती दुकानात येतो म्हणाली होती ना." त्यानं बांबू रोवले, ताडपत्री बांधली, बोर्ड लावला. ओरडला नाही. अकराच्या सुमारास दोघी पोरी आल्या, बोर्ड चाळला, आणि एकीनं विचारलं, "काकाजी, मुंबईचे नवे नाही आले का?"

"नाही आले."

"कवा येतीन?"

तुलाराम तिच्याकडे पाहत राहिला. पोरगी घाबरून मैत्रिणीला ओढत निघून गेली. ललिताबाईनं आपल्या जागेवरून उठून, न विचारता, त्याच्या बोर्डावर ताडपत्री टाकली.

बुधवारी, १ ऑक्टोबरला, सकाळी सहाच्या सुमारास तुलारामनं रोजच्यासारखा मोबाइल उघडला. १४ सप्टेंबरपासून त्यानं दामिनीला एकोणीस निरोप पाठवले होते. पहिला फोटोचा होता. शेवटच्या काहींत फक्त ‘कोठी आहे’ एवढंच होतं. एकोणीसही निरोपांखाली दोन टिका होत्या.

त्यानं फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद.

कुलदीपनं दुकान उघडण्याआधीच मोबाइल पाहिला. निरोप पहाटे पाच वाजून अडतीस मिनिटांनी पोचले आहेत. एकही वाचलेला नाही. त्याच मिनिटाच्या आसपास फोन सुरू झाला असणार, आणि सहाच्या आत पुन्हा बंद.

"म्हणजे फोन तिच्याजवळ आहे?" ठाण्यात गोदावरीबाईनं विचारलं.

"फोन कोणाजवळ तरी आहे," देवाजी म्हणाले. "तिच्याजवळ आहे का, हे मले सांगता येत नाही, वहिनी."

फोन कुठल्या टॉवरखाली सुरू झाला, हे कंपनीला विचारणारं पत्र त्याच दिवशी साडेअकराला गेलं. शुक्रवारी, ३ ऑक्टोबरला, संध्याकाळी देवाजी घरी निघेपर्यंत त्याचं उत्तर आलेलं नव्हतं.